इंग्रजीतला कॉमा: आधी काढायला शिका, मग घालायला

माझ्या टेबलावर रोज कुणाचा ना कुणाचा इंग्रजी मजकूर येतो. पत्रं, अहवाल, नोकरीचे अर्ज, कोटेशनबरोबर जाणाऱ्या मेल. लिहिणारे बहुतेक मराठी माध्यमातले आणि कामात पक्के असतात. स्पेलिंग आता संगणक सांभाळतो, काळाच्या चुकाही बऱ्याचशा तोच पकडतो. उरतो तो कॉमा. गंमत म्हणजे कॉमा कमी पडलेत अशी तक्रार मला क्वचितच करावी लागते. ते जास्तच असतात, आणि जास्तीचे कॉमा पडण्याच्या जागाही ठरलेल्या असतात. त्या जागा पाहिल्या की लगेच कळतं, लिहिणाऱ्याने वाक्य आधी मनात मराठीत जुळवलंय.

म्हणून या लेखाचा क्रम जरा उलटा आहे. पहिल्या दोन पायऱ्या फक्त कॉमा पुसण्याच्या. घालायचं नंतर.

एक खुलासा करून ठेवतो. इंग्रजी वाक्यं मी मुद्दाम देवनागरीत देतोय. ओळखीच्या लिपीत डोळा स्पेलिंगवर अडकत नाही, थेट कॉमावर जातो. सराव मात्र रोमन लिपीतच करा. आणि गोंधळ नको म्हणून मराठीतल्या चिन्हाला ‘स्वल्पविराम’ आणि इंग्रजीतल्याला ‘कॉमा’ म्हणतो.

सुरुवातीला: श्वासाचा नियम विसरा

‘जिथे थोडं थांबायचं तिथे स्वल्पविराम.’ शाळेत हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. मोठ्याने वाचताना तो नियम उपयोगी पडतो, पण लिहिताना दगा देतो. कारण कोण कुठे थांबेल याचा नेम नाही. दमेकरी माणूस दर तीन शब्दांनी थांबतो, किराणा दुकानदार यादी एका दमात म्हणतो.

तसं पाहिलं तर ही चिन्हं आपल्याकडे पाहुणीच. मोडीत दोन शब्दांमध्ये जागासुद्धा सोडत नसत, स्वल्पविराम तर लांबच. ओवी-श्लोकाच्या शेवटी दंड असायचा, तेवढाच विराम. एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांनी इंग्रजीच्या धर्तीवर मराठीत विरामचिन्हं रुजवली. चिन्हं आपण घेतली आणि वापरायची पद्धत हळूहळू स्वतःची केली. म्हणूनच घोटाळा होतो. चिन्ह तेच दिसतं, पण दोन भाषांत ते वेगवेगळ्या ठिकाणी बसतं.

कॉमा हा शब्द मुळात ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ कापलेला तुकडा. आज आपण काढतो ती आकडीसारखी खूण पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसमध्ये आल्दुस मानुतियुस याच्या छापखान्यातून रूढ झाली. ‘कापलेला तुकडा’ हा अर्थ मला फार कामाचा वाटतो. कॉमा घालताना मी ‘इथे थांबतो का?’ असं विचारत नाही. ‘इथे कुठला तुकडा कुठल्यापासून तोडतोय, आणि तो तोडण्यासारखा आहे का?’ असं विचारतो.

पहिली पायरी: कर्ता आणि क्रियापद यांच्यामधला कॉमा पुसा

हे वाक्य पाहा:

‘द कस्टमर्स हू पेड लेट, वेअर चार्ज्ड अ फाइन.’

मराठीत आपण म्हणतो, ‘ज्या ग्राहकांनी उशिरा पैसे भरले, त्यांना दंड लागला.’ इथे स्वल्पविराम अगदी बरोबर आहे. मराठीत ‘ज्या... त्या’ अशी जोडी असते, दोन वाक्यं असतात, मध्ये शिवण असते. इंग्रजीत ‘त्यांना’ हा शब्दच नाही. ‘द कस्टमर्स हू पेड लेट’ हा सगळा मिळून एकच कर्ता, आणि ‘वेअर चार्ज्ड’ हे त्याचं क्रियापद. कॉमा घातला की कर्ता आणि क्रियापद यांची ताटातूट होते.

ओळखायची युक्ती सोपी आहे. लांबलचक कर्ता झाकून त्या जागी ‘दे’, ‘ही’ किंवा ‘इट’ ठेवा. ‘दे, वेअर चार्ज्ड अ फाइन’ असं कुणी लिहील का? नाही ना? मग आधीच्या वाक्यातही कॉमा नको.

कर्ता कितीही लांब असला तरी हेच. ‘द ऑफिस ऑन द सेकंड फ्लोअर ऑफ द ओल्ड बिल्डिंग बिहाइंड द बस स्टँड इज क्लोज्ड.’ वाचताना धाप लागेल, लागू द्या. कॉमा नाही म्हणजे नाही. ‘व्हॉट ही सेड, वॉज ट्रू’ हेही त्याच रोगाचं लक्षण, कारण खाली ‘तो जे म्हणाला, ते खरं होतं’ बसलंय. जो-तो, जे-ते, जिथे-तिथे मनात आले की हात आखडता घ्या.

दुसरी पायरी: ‘दॅट’च्या आजूबाजूचा कॉमा पुसा

‘मला वाटतं, की तो बरोबर आहे.’ ‘त्याने सांगितलं की, गाडी उशिरा आली.’ मराठी छापील मजकुरात ‘की’च्या आधीही स्वल्पविराम दिसतो आणि नंतरही. यातलं योग्य कोणतं, यावर मराठीवाले वाद घालोत. इंग्रजीत दोन्ही नकोत.

चूक: ‘आय थिंक, दॅट ही इज राइट.’
चूक: ‘ही टोल्ड मी दॅट, द ट्रेन वॉज लेट.’
बरोबर: ‘ही टोल्ड मी दॅट द ट्रेन वॉज लेट.’

दुसऱ्या प्रकारची चूक मला सगळ्यात जास्त भेटते, विशेषतः सरकारी वळणाच्या पत्रांत. ‘आय हॅव टु स्टेट दॅट,’ असं लिहून खाली नवी ओळ! आपल्या अर्जांतल्या ‘विनंती करतो की,’ची ही सावली आहे.

‘व्हाय’, ‘व्हेदर’, ‘हाउ’ यांचंही तेच. ‘आय डोन्ट नो, व्हाय ही लेफ्ट’ यातला कॉमा काढा.

बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे अवतरणात देणार असाल, तर मात्र कॉमा लागतो: शी सेड, “द ट्रेन इज लेट.” म्हणजे दॅट असेल तर कॉमा नाही, अवतरण असेल तर कॉमा आहे. दोन्ही एकत्र करू नका.

इथे थांबून तुमची शेवटची पाठवलेली पाच पत्रं उघडा आणि फक्त या दोन पायऱ्या लावून पाहा. बऱ्याच जणांचे अर्धे कॉमा इथेच गळतात.

तिसरी पायरी: दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमाने जोडू नका

‘पाऊस आला, आम्ही आडोशाला थांबलो.’ मराठीत हे वाक्य छान चालतं. ‘तो आला, त्याने पाहिलं, निघून गेला.’ यालाही कुणी नावं ठेवत नाही. इंग्रजी शिक्षक मात्र ‘इट स्टार्टेड रेनिंग, वी वेटेड अंडर अ ट्री’ यावर लाल शाईने गोल काढतो. दोन्ही बाजूंना स्वतःच्या पायावर उभं राहू शकणारं वाक्य आहे, आणि तेवढं ओझं एकट्या कॉमाला पेलत नाही, असं तिकडे मानतात. कथा-कादंबऱ्यांत लेखक हा नियम जाणूनबुजून मोडतात. तुम्ही नोकरीच्या अर्जात मोडू नका.

दुरुस्तीच्या वाटा अशा. पूर्णविराम द्या. किंवा अर्धविराम द्या, दोन वाक्यांचं नातं जवळचं असेल तर. किंवा कॉमाच्या जोडीला एक उभयान्वयी अव्यय आणा: ‘इट स्टार्टेड रेनिंग, सो वी वेटेड अंडर अ ट्री.’ किंवा एका वाक्याला दुसऱ्याच्या हाताखाली द्या: ‘व्हेन इट स्टार्टेड रेनिंग, वी वेटेड अंडर अ ट्री.’

कॉमाच्या जोडीला चालणारी अव्ययं मोजून सात आहेत: अँड, बट, ऑर, सो, येट, नॉर, फॉर. पाठच करा. ‘हाउएव्हर’, ‘देअरफोर’ आणि ‘देन’ या सातांत नाहीत, आणि नेमके तेच लोक घुसडतात.

चूक: ‘द ऑर्डर वॉज लेट, हाउएव्हर द क्लायंट डिड नॉट कम्प्लेन.’
बरोबर: ‘द ऑर्डर वॉज लेट; हाउएव्हर, द क्लायंट डिड नॉट कम्प्लेन.’

अर्धविराम आधी, कॉमा नंतर. अर्धविरामाची भीती वाटत असेल तर सरळ पूर्णविराम देऊन ‘हाउएव्हर’ने नवं वाक्य सुरू करा. मी स्वतः बहुतेक वेळा तेच करतो.

उलट बाजूची चूकही आहे. ‘अँड’ दिसला की आधी कॉमा, ही सवय. ‘आय वेंट टु द बँक, अँड ओपन्ड ॲन अकाउंट.’ इथे बँकेत गेला तोही ‘आय’ आणि खातं उघडलं तेही त्यानेच. अँडनंतर नवा कर्ता नाही, म्हणून कॉमा नको. ‘आय वेंट टु द बँक, अँड माय ब्रदर वेटेड आउटसाइड’ यात भाऊ हा नवा कर्ता आला, म्हणून कॉमा हवा. दोन्ही वाक्यं अगदी चिमुकली असतील, ‘ही केम अँड आय लेफ्ट’ अशी, तर सोडून दिला तरी कुणी भांडत नाही.

चौथी पायरी: सुरुवातीचा तुकडा तोडा

आता घालायला सुरुवात. मुख्य वाक्याच्या आधी ‘इफ’, ‘व्हेन’, ‘आफ्टर’, ‘ऑल्दो’, ‘बिकॉज’ वगैरेने सुरू होणारा तुकडा आला, तर तो संपल्यावर कॉमा.

‘इफ यू नीड हेल्प, कॉल मी.’
‘कॉल मी इफ यू नीड हेल्प.’

क्रम बदलला की सहसा कॉमा जातो. आपण जर-तर बहुधा जरपासूनच सुरू करतो, त्यामुळे पहिली रचना आपोआप जमते. दुसऱ्या रचनेत मात्र हात उगीच वळवळतो.

हा कॉमा नसेल तर काय होतं ते पाहा: ‘आफ्टर द गेस्ट्स लेफ्ट द रूम वॉज क्लीन्ड.’ वाचणारा आधी ‘पाहुणे खोली सोडून गेले’ असं समजतो, पुढे ‘वॉज’ला ठेच लागते आणि मागे येऊन पुन्हा वाचतो. ‘लेफ्ट’नंतर कॉमा दिला की खोली आपोआप पलीकडच्या वाक्यात जाते. वाचणाऱ्याला मागे फिरावं लागू नये, एवढ्यासाठीच हा कॉमा आहे. त्यामुळे ‘टुडे आय ॲम ऑन लीव्ह’सारख्या एक-दोन शब्दांच्या सुरुवातीला तो नसला तरी बिघडत नाही. ‘येस’, ‘नो’, ‘वेल’ यांच्यानंतर मात्र द्यावा.

‘बिकॉज’ मध्ये आला आणि आधी ‘नॉट’ असला तर सावध व्हा. ‘ही डिड नॉट रिझाइन बिकॉज ही वॉज अँग्री.’ त्याने राजीनामा दिला की नाही? ‘दिला, पण रागापोटी नव्हे’ असाही अर्थ निघतो आणि ‘रागावला होता म्हणूनच दिला नाही’ असाही. बिकॉजच्या आधी कॉमा घातला तर दुसरा अर्थ पक्का होतो. तरी माझा सल्ला, असं वाक्य कॉमाच्या भरवशावर ठेवू नका, मोडून नव्याने लिहा.

पाचवी पायरी: जोडीने येणारे कॉमा

इथे जरा रेंगाळूया, कारण खरे पैसे याच जागी बुडतात.

‘माय ब्रदर हू लिव्ह्ज इन नाशिक इज अ डॉक्टर.’
‘माय ब्रदर, हू लिव्ह्ज इन नाशिक, इज अ डॉक्टर.’

शब्द तेच आहेत. पहिल्या वाक्यावरून कळतं की मला एकाहून जास्त भाऊ आहेत, आणि त्यांतला नाशिकचा डॉक्टर आहे. दुसऱ्यावरून कळतं की भाऊ एकच आहे, तो डॉक्टर आहे, आणि जाता जाता सांगतो, नाशिकला राहतो. दोन कॉमांनी घरातली माणसं मोजून दिली. मराठीत हा फरक आपण वेगळे शब्द वापरून करतो, ‘नाशिकला असतो तो भाऊ’ किंवा ‘माझा भाऊ नाशिकला असतो, डॉक्टर आहे’. इंग्रजीत तो फरक बहुतेक वेळा या जोडीवरच सोडलेला असतो.

यासाठी माझी युक्ती बोटाची. मधला तुकडा बोटाने झाका. उरलेल्या वाक्यात ‘नेमका कोण?’ हा प्रश्न उरत नसेल तर तुकडा जादा माहितीचा आहे, दोन्ही बाजूंना कॉमा द्या. प्रश्न उरत असेल तर तुकडा ओळख पटवण्यासाठी आहे, एकही कॉमा देऊ नका. दोन किंवा शून्य, एक कधीच नाही. तुकडा वाक्याच्या टोकाला असेल तेव्हा जोडीतला एक कॉमा पूर्णविरामात विरघळतो, एवढाच अपवाद.

‘नागपूर, द विंटर कॅपिटल ऑफ महाराष्ट्र इज फेमस फॉर ऑरेंजेस.’ अशी एकपायी वाक्यं रोज दिसतात. कंस उघडला आणि बंद करायला विसरले, तसं हे. ‘महाराष्ट्र’नंतर दुसरा कॉमा हवा.

या जोडीवरून कॅनडात दोन कंपन्या भांडल्या. अलायंट या टेलिफोन कंपनीच्या खांबांवरून रॉजर्स कम्युनिकेशन्स ही केबल कंपनी आपल्या तारा नेत होती. करारात मुदतीचं वाक्य होतं, त्याचा गाभा असा: करार ‘शॅल कंटिन्यू इन फोर्स फॉर अ पीरियड ऑफ फाइव्ह इयर्स फ्रॉम द डेट इट इज मेड, अँड देअरआफ्टर फॉर सक्सेसिव्ह फाइव्ह इयर टर्म्स, अनलेस अँड अंटिल टर्मिनेटेड बाय वन इयर प्रायर नोटिस’. रॉजर्सची समजूत अशी की पहिली पाच वर्षं करार पक्का, वर्षभराची नोटीस देऊन तो मोडायची सोय त्यानंतरच्या मुदतींपुरती. अलायंटने पहिल्याच मुदतीत करार संपवायला घेतला.

आता बोट ठेवा. ‘अँड देअरआफ्टर’पासून ‘टर्म्स’पर्यंतचा तुकडा दोन कॉमांच्या मध्ये आहे, म्हणजे तो झाकता येतो. झाकल्यावर उरतं ते असं: करार पाच वर्षं चालेल, वर्षभराची नोटीस देऊन संपवला नाही तर. म्हणजे नोटिशीची अट पहिल्या पाच वर्षांनाही लागू! कॅनडाच्या दूरसंचार नियामकाने २००६ मध्ये याच कॉमाच्या आधारे अलायंटच्या बाजूने निकाल दिला. २००७ मध्ये तो फिरला, पण कॉमाचा नियम चुकला म्हणून नव्हे. कराराचा फ्रेंच मसुदा होता, त्यात अर्थ स्वच्छ होता, तो धरला. ‘टर्म्स’नंतरचा तो एक कॉमा कुणी घातला नसता तर ही उठाठेवच झाली नसती. बहुधा तिथे कुणीतरी श्वास घेतला असावा.

हाक मारणंही याच पायरीत बसतं. ‘थँक यू, सर.’ ‘सर, द फाइल इज रेडी.’ ‘द फाइल, सर, इज रेडी.’ ज्याला हाक मारतो त्याला वाक्यापासून तोडायचं. ‘कॉल हिम डॉक्टर’ म्हणजे त्याला डॉक्टर म्हण, आणि ‘कॉल हिम, डॉक्टर’ म्हणजे डॉक्टरसाहेब, त्याला बोलवा.

आणखी एक छोटी खूण. ओळख पटवणाऱ्या तुकड्यात ‘दॅट’ येतो, त्याला कॉमा लागत नाही. जादा माहितीच्या तुकड्यात ‘व्हिच’ येतो, त्याला कॉमा लागतात. अमेरिकेत हे काटेकोर पाळतात. ब्रिटिश लिखाणात ओळख पटवायलाही ‘व्हिच’ चालतो, म्हणून तिथे शब्दाकडे न बघता अर्थाकडे बघा.

सहावी पायरी: याद्या

मराठीत ‘पोहे, शिरा आणि चहा’. ‘आणि’च्या आधी स्वल्पविराम नाही. ब्रिटिश वर्तमानपत्रांतही बहुधा असंच. अमेरिकी पुस्तकांत आणि ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या शैलीत मात्र ‘पोहा, शिरा, अँड टी’, अँडच्या आधीही कॉमा. त्यालाच ऑक्सफर्ड कॉमा म्हणतात. यावर लोक तावातावाने भांडतात. मला विचाराल तर नवख्याने तो घालावा, कारण घालून तोटा क्वचित होतो, न घालून जास्त वेळा.

‘आय इन्व्हायटेड माय टीचर्स, द मेयर अँड द कलेक्टर.’ महापौर आणि कलेक्टर हेच माझे शिक्षक, असं वाटतं. कलेक्टरच्या आधी कॉमा आला की तीन वेगळे गट होतात. पण हा कॉमा म्हणजे रामबाण नव्हे. ‘माय टीचर, द मेयर, अँड द कलेक्टर’ असं एकवचन केलं की महापौरबाई माझ्या शिक्षिका आहेत की काय, अशी शंका येतेच. तेव्हा यादीचा क्रम बदला.

अमेरिकेच्या मेन राज्यात जादा कामाच्या मजुरीतून काही कामं वगळणारा कायदा होता. कामांच्या यादीच्या शेवटी शब्द होते ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन’. ऑरच्या आधी कॉमा नाही. ओकहर्स्ट डेअरीचे गाडीचालक म्हणाले, आम्ही दूध पोचवतो, पॅक करत नाही. यादीतलं शेवटचं काम ‘पोचवण्यासाठी किंवा वाटपासाठी पॅक करणं’ हे आहे, म्हणून आम्हाला जादा मजुरी मिळाली पाहिजे. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने वाक्य संदिग्ध आहे असं मानून चालकांचं म्हणणं उचलून धरलं, आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. गंमत अशी की त्या राज्याच्या कायदे-मसुद्याच्या नियमावलीतच हा कॉमा घालू नका असा सल्ला होता. नंतर यादी दुरुस्त करताना त्यांनी कॉमा सोडून सगळीकडे अर्धविराम घातले. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, ते दूधवाल्यांच्याच खटल्यात खरं झालं.

यादीतल्या बाकीच्या चुका किरकोळ आहेत. दोनच वस्तू असतील तर कॉमा नको, ‘टी अँड बिस्किट्स’. यादी सुरू होण्याआधी नको, ‘वी सेल, राइस, व्हीट, अँड शुगर’ यातला पहिला काढा. ‘सच ॲज’नंतरही नको. तो आपल्या ‘जसे की,’मधून येतो.

विशेषणांसाठी एकच परीक्षा पुरते. दोन विशेषणांमध्ये ‘अँड’ घालून पाहा, किंवा त्यांची अदलाबदल करून पाहा. ‘अ लाँग, बोअरिंग मीटिंग’ यात बोअरिंग अँड लाँग चालतं, म्हणून कॉमा. ‘टू ओल्ड वुडन चेअर्स’ यात ‘वुडन अँड ओल्ड अँड टू’ कानाला खटकतं, म्हणून कॉमा नाही.

टेबलावरच्या बारीकसारीक गोष्टी

आकड्यांत आपण लाख-कोटीने तोडतो, १२,३४,५६७. परदेशी ग्राहकाला तोच आकडा १,२३४,५६७ असा द्या. इन्व्हॉइसमध्ये दोन्ही पद्धती मिसळू नका, पैशाच्या बाबतीत समोरचा घाबरतो. जर्मनीत आणि युरोपच्या बऱ्याच भागात दशांशाच्या जागी कॉमा असतो, तिथे १,५ म्हणजे दीड.

तारीख आपल्या पद्धतीने लिहिली, ‘१ मे १९६०’, तर कॉमाची गरजच नाही. अमेरिकी पद्धतीत दोन लागतात: ‘मे १, १९६०, वॉज अ सनडे.’ वर्षानंतरचा कॉमा जवळजवळ सगळे विसरतात. गाव आणि राज्य यांचंही तसंच: ‘शी मूव्ह्ड टु एडिसन, न्यू जर्सी, इन जून.’

पत्रात ‘डिअर सर,’ आणि ‘युअर्स फेथफुली,’ यांच्यानंतर कॉमा चालतो. अमेरिकेत औपचारिक पत्रात संबोधनानंतर विसर्गासारखे दोन टिंब देतात. काही ठिकाणी हल्ली दोन्हीकडे काहीच देत नाहीत. वर दिला तर खालीही द्या, एवढं सांभाळा.

आणि टंकलेखन! कॉमा आधीच्या शब्दाला चिकटून, मोकळी जागा त्याच्यानंतर. आधी जागा सोडली तर कॉमा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसतो. व्याकरण उत्तम असलेला मजकूरही त्यामुळे गबाळा दिसतो.

एक पत्र दुरुस्त करूया

मध्यंतरी एका होतकरू कारखानदार मुलाने मला पाठवण्याआधी दाखवलेलं पत्र, थोडं बदलून:

‘डिअर सर, आय वुड लाइक टु इन्फॉर्म यू दॅट, द मशीन व्हिच वी बॉट लास्ट मंथ, इज नॉट वर्किंग. वी कॉल्ड युअर इंजिनिअर, ही डिड नॉट कम. इफ ही डज नॉट कम टुमॉरो वी विल हॅव टु स्टॉप द वर्क, अँड सेंड द वर्कर्स होम. प्लीज सेंड समवन, ॲज सून ॲज पॉसिबल सर.’

दॅटनंतरचा पुसला. ‘इंजिनिअर’नंतर दोन पूर्ण वाक्यं भिडतात, तिथे कॉमाला ‘बट’ जोडून दिला. ‘टुमॉरो’नंतर इफचा तुकडा संपतो, तिथे घातला. ‘वर्क’नंतरचा पुसला, कारण काम थांबवणारे आणि कामगारांना घरी पाठवणारे तेच ‘वी’. ‘समवन’नंतरचा पुसला, तो निव्वळ श्वास होता. ‘सर’च्या आधी घातला.

राहिला ‘मंथ’नंतरचा. एकटा कॉमा, म्हणजे चूक नक्की. पण दोन करायचे की शून्य? ते कागदावरून कळण्यासारखं नव्हतं. मी त्याला फोन लावला.

“या पार्टीकडून मशीन किती घेतलीस रे?”

“तीन, काका. आधीची दोन मस्त चालतात. मागच्या महिन्यात आणलेलं तेवढं बंद पडलंय.”

शून्य.